ओसरीवरचा जगाचा नकाशा

आपल्या घरांच्या भिंतींवर काय काय टांगलेले असते, याची एकदा मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. देवादिकांच्या तसबिरी असतात, वडीलधाऱ्यांची छायाचित्रे असतात, दिनदर्शिका असते, एखादा आरसा असतो आणि अलीकडे दूरचित्रवाणीचा संचही भिंतीवरच चढला आहे. जगाचा नकाशा मात्र क्वचित दिसतो. नकाशा ही शाळेची वस्तू. परीक्षेपुरते त्यात डोके घालावे आणि परीक्षा झाली की गुंडाळी करून माळ्यावर टाकावी, अशी आपली समजूत. ज्याला परदेशी जावयाचे आहे त्याने हवा तर नकाशा पाहावा, बाकीच्यांना त्याचे काय काम, असेही कोणी म्हणतात. आम्हांला नेमके याच्या उलट वाटते. ज्याला गाव सोडून कोठे जावयाचे नाही, ज्याचा कापूस गावच्या शिवारातच पिकतो आणि ज्याची भाकरी गावच्या चुलीवरच भाजते, त्याच्या घरी नकाशा अधिक हवा. तो जगाकडे गेला नाही तरी जग त्याच्याकडे यावयाचे थांबत नाही. आणि ते कोणत्या दिशेने येते आहे, हे त्याला ठाऊक असलेले बरे.

आमचे गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. आमच्या ओसरीवर जगाचा एक नकाशा होता. वडिलांनी तो कन्नडच्या बाजारातून रद्दीच्या भावाने आणला होता. जगाच्या कौतुकाने नव्हे, भिंतीचे पोपडे झाकावेत म्हणून. कापडावर चिकटवलेला, वरखाली लाकडी पट्टी असलेला तो नकाशा जुना होता. त्यात बांगला देश नव्हता, पूर्व पाकिस्तान होते. शिवाय त्याची डावी कड वाळवीने खाल्लेली होती. अशा नकाशांत डाव्या कडेला अमेरिका खंडे असतात, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या लहानपणी जग अटलांटिक महासागराच्या मध्यावर संपत असे, आणि त्यापुढे भिंतीची माती लागे.

याचा परिणाम मौजेचा झाला. सातवीनंतर शाळा सुटली, आणि पुढे एकोणिसाव्या वर्षी आम्ही चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तेथे पहिल्यांदा मे दिनाची सभा ऐकली. वक्ते शिकागोविषयी बोलत होते. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी तेथील कामगारांनी संप केला, ४ मे रोजी हेमार्केट चौकात बाँब फुटला, पुढल्या वर्षी चार पुढाऱ्यांना फाशी झाली, असा सगळा वृत्तांत त्यांनी सांगितला. सुटीत गावी आल्यावर आम्ही नकाशावर शिकागो शोधू लागलो. ते सापडेना. इंग्लंड पाहिले, जर्मनी पाहिली, रशिया उभा-आडवा चाळला. अखेरीस शहरातील वाचनालयातून भूगोलाचे पुस्तक आणले तेव्हा शिकागो कोठे आहे ते समजले, आणि आमच्या नकाशाला काय झाले आहे तेही समजले. वाचनालयातून घेतलेले ते आमचे पहिले पुस्तक. त्याच नादात पुढे कळले, की शिकागोच्या त्या मागणीसाठी १८८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या कामगार-प्रतिनिधींनी ठराव केला, आणि त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी-कामगारांच्या रविवारच्या सुटीसाठी झगडत होते; ती सुटी १८९० मध्ये मिळाली. शाळा सुटलेल्या माणसाला पुन्हा पुस्तकाकडे कोणी वळवले असे विचाराल, तर वाळवीने वळवले असेच सांगावे लागेल.

असो. नकाशा घरी आला की पहिला प्रश्न एकच असतो : आपले गाव कोठे आहे? जगाच्या नकाशावर देवगाव रंगारी असे नाव छापलेले असण्याचे कारण नाही. पण आमच्या गावाचे एक सुदैव आहे. विषुववृत्तापासून उत्तरेकडे २० अंशांची आडवी रेघ आणि ग्रिनिचपासून पूर्वेकडे ७५ अंशांची उभी रेघ या दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात, त्या छेदाच्या अगदी आसपास आमचे गाव येते. त्यामुळे नाव नसले तरी बोट ठेवावयास जागा नेमकी सापडते. ज्यांचे गाव असे सोयीच्या जागी नाही त्यांनी अक्षांश-रेखांश विचारून घेऊन पेन्सिलीने ठिपका द्यावा. ठिपका दिल्यावाचून नकाशा बोलत नाही, असा आमचा अनुभव आहे. तोपर्यंत तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलखाचे चित्र असतो.

आता त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवा. गावापासून पूर्वेला निघाले की खुलताबाद लागते, पुढे चंद्रपूर, मग ओडिशातील पुरी जवळ ठेवून रेघ बंगालच्या उपसागरात उतरते. ब्रह्मदेश, लाओसमधील लुआंग प्रबांग, व्हिएतनाम, चीनच्या हैनान बेटावरचे हायकौ, आणि मग अफाट पॅसिफिक महासागर. त्यात हवाई बेटे. पुढे मेक्सिको, क्यूबातील सांतियागो, अटलांटिक, आणि मग संबंध सहारा वाळवंट ओलांडून सुदानच्या किनाऱ्याशी लाल समुद्र, अरबस्तानातील रिकामे वाळवंट, अरबी समुद्र, डहाणूचा किनारा, नाशिक, आणि परत आमची ओसरी. ही सगळी गावे आमच्यासारखीच विषुववृत्तापासून २० अंशांवर किंवा त्याच्या अगदी जवळ आहेत. सूर्य या सर्वांच्या माथ्यावरून जवळजवळ एकाच दिवशी जातो.

यावर आमच्या घरातील एका मुलाने विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक होता. सूर्य एकच, रेघही एकच, तर मग डहाणूला धो-धो पाऊस, आमच्याकडे दुष्काळ, अरबस्तानात तर नुसती वाळू, असे का? डहाणू आमच्यापासून सरळ रेघेत सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे एस.टी.चा एका दिवसाचा प्रवास. उत्तर असे, की पाऊस नुसत्या उन्हावर ठरत नाही, वारा कोठून येतो आणि वाटेत काय आडवे येते यावर ठरतो. अरबी समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, वर गेल्यावर थंड होतो, आणि त्याच्या पोटातील पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर पडते. डोंगर उतरून तो आमच्याकडे येतो तेव्हा त्याची झोळी निम्मीअधिक रिकामी झालेली असते. सहारा आणि अरबस्तानावर हवा वरून खाली दबून येते. खाली येणारी हवा तापते आणि कोरडी पडते, तिच्यात ढग धरत नाहीत. उलट हवाई बेटातील हिलो या गावी समुद्रावरचे वारे बारमाही डोंगरावर चढत असल्यामुळे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. रेघ एकच आणि नशिबे इतकी निराळी! आपल्या दुष्काळाला दैवाचे नाव देणाऱ्या माणसाने ही एक रेघ बोटाने फिरून पाहावी. दैवाच्या ऐवजी त्याला वारा आणि डोंगर दिसू लागतील. आणि वारा-डोंगर आपल्या हाती नसले तरी पडलेले पाणी अडवणे आपल्या हाती आहे, हे बोलणे मग त्याला पटते.

उभ्या रेघेचेही थोडे सांगावयास हवे. ७५ अंशांच्या रेघेवर दक्षिणेस धारवाड येते. उत्तरेस ती पंजाब-काश्मीरकडे जाते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणून ७५ अंशांना बरोबर पाच तास लागतात. ग्रिनिचला सकाळचे सात, तर आमच्याकडे सूर्याच्या हिशेबाने बारा. पण आमचे घड्याळ मात्र साडेबारा दाखवते, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरून, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेवरून धरलेली आहे. तेव्हा देवगावात घड्याळाचे बारा हे सूर्याचे साडेअकरा असतात. खोटे वाटत असेल तर पडताळा पाहावा. मेच्या २०-२१ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या २३-२४ तारखेला सूर्य आमच्या माथ्यावर नेमका येतो. त्या दिवशी अंगणात मुसळ उभे धरले तर साडेबाराच्या आसपास त्याची सावली त्याच्याच बुडाशी नाहीशी होते. जुलैत ढग असतात. मेमध्ये हा खेळ चांगला रंगतो.

मुलांचा आणखी एक ठरलेला प्रश्न असतो : ओसरीत भोक पाडत सरळ खाली गेलो तर कोठे निघू? याचा हिशेब तोंडी होतो. उत्तरेचे २० अंश ते दक्षिणेचे २० करावयाचे, आणि पूर्वेचे ७५ हे १८० मधून वजा करून पश्चिमेचे १०५ धरावयाचे. तेथे बोट ठेवले की उत्तर मिळते : पाणी. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यात आपण बाहेर पडू, आणि जवळची ओळखीची वस्ती म्हणजे दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले ईस्टर बेट, तेही शेकडो किलोमीटर दूर. आमच्या मुलांची त्यामुळे थोडी निराशाच झाली.

पण आमचे स्वतःचे बोट ज्या जागी वर्षानुवर्षे अडकून राहिले ती जागा लाल समुद्र. गावाहून पश्चिमेस निघालेली रेघ ज्या अरुंद निळ्या पट्टीला छेदते ती ही. पट्टी लहान, पण आमच्या मुलखाच्या इतिहासातील कितीतरी माल आणि माणसे तिच्यातून आली-गेली आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्र-व्यापाराची एक वाटाड्या-पोथी लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव तिच्यात नाही. इजिप्तच्या लाल समुद्रावरील बंदरांतून निघालेली गलबते भडोचला येत आणि तेथे दख्खनचा माल भरत, असे ती सांगते. तो माल कोठला? पैठणचा आणि तगरचा, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचा. पैठणहून अकीकासारखे रंगीत खडे आणि तेरहून कापड, रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला नेत. पैठण ते भडोच हा वीस दिवसांचा प्रवास असल्याचेही तिने नोंदले आहे. नकाशावर पैठण आणि भडोच यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती आमच्या गावाच्या जवळून जाते. गाडीवान काही सरळ रेघेने जात नसतात, त्यामुळे आम्ही गावाच्या थोरवीसाठी त्यावर दावा सांगत नाही. पण गंमत पाहा : ती गलबते जुलैच्या सुमारास इजिप्त सोडीत, कारण त्या वेळी नैर्ऋत्येचा वारा त्यांना भारताकडे ढकलीत आणी. म्हणजे आमच्या शेतकऱ्याला पाऊस आणणारा आणि रोमच्या व्यापाऱ्याला भडोचला आणणारा वारा एकच. पुढे इसवी सन १५० च्या सुमारास टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठणची नोंद घेतली. मराठवाडा मागास, जगाच्या कोपऱ्यात पडलेला, असे ऐकत आम्ही मोठे झालो. कोपऱ्यात तो पुढे पडला असेल. मुळात तो जगाच्या वाटेवर होता.

दुसरा वाटसरू माणूस होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास लाल समुद्रापलीकडच्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. त्याला गुलाम म्हणून विकले गेले. हातोहाती विकला जात तो बगदादमार्गे दख्खनेत आला. हाच मलिक अंबर. निजामशाहीचा तो वजीर झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले, जमिनीच्या महसुलाची घडी बसवली, आणि १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. शहराला पाणी पुरवणारी नहर त्याचीच. त्याच खडकीचे पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे नामांतर होत आले. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे, आमच्या गावापासून पूर्वेस, त्याच २० अंशांच्या रेघेवर. खुलताबादला आम्ही लहानपणापासून जात होतो. पण हबसाण नकाशावर पाहिल्यावर आणि तेथून बगदाद, बगदादहून दख्खन असे बोट ओढल्यावर प्रथमच ध्यानात आले, की ज्या मुलाला माल म्हणून विकले त्याने एवढी वाट तोडली, आणि अखेर शहर वसवले. मजुरांची ने-आण करणारे ठेकेदार आजही आहेत. त्या कबरीपुढे उभे राहिले की आमच्या मनात प्रथम त्यांचा विचार येतो. कोणाला हे विषयांतर वाटेल. आमचा व्यवसायच तसा आहे.

गावाच्या नावातील ‘रंगारी’ हा शब्दही असाच दूरवर नेतो. पूर्वी दख्खनेत लाल रंग आलीच्या मुळ्यांपासून काढीत आणि निळा नीळ नावाच्या झुडपापासून. ऱ्हाइन नदीच्या काठी जर्मनीत लुडविग्सहाफेन नावाचे गाव आहे. मंजिष्ठेतील लाल द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले, आणि १८९७ मध्ये लुडविग्सहाफेनच्या कारखान्यातून कृत्रिम नीळ बाजारात आली. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत हिंदुस्थानातील निळीचा धंदा जवळजवळ बसला होता. आलीची लागवडही अशीच उठली. रंगाऱ्याच्या हातातील कसब कमी झाले नव्हते, त्याच्या हांड्यातील पाणी बदलले नव्हते. ज्या गावाचे नाव त्याने कधी ऐकले नाही तेथे त्याच्या धंद्याचा निकाल लागला. त्याला ते नाव ठाऊक असते तर धंदा वाचला असता काय? बहुधा नाही. पण आपल्या मुलाला कोणत्या धंद्यास लावावे, याचा विचार त्याने दहा वर्षे आधी केला असता.

कापसाची कथा अधिक परिचयाची आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचा भाव आकाशाला भिडला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या मोलाने विकला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील पेढ्या व बँका पत्त्यांच्या घराप्रमाणे पडल्या. आजही आमच्याकडील शेतकरी कापूस मोडावा की घरात ठेवावा या विवंचनेत असतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील चढउतार त्याच्या भावात डोकावत असतात. आणि न्यूयॉर्क तर आमच्या ओसरीवरील नकाशातून वाळवीने खाऊन टाकलेले!

आता अलीकडची हकीकत सांगतो. आम्ही युनियनचे काम करू लागल्याला पुष्कळ वर्षे झाली. २०२४ च्या आरंभी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोटीस लागली, की लाल समुद्रातील परिस्थितीमुळे माल वेळेवर पोचत नाही, सबब तीन महिने जादा काम बंद. त्या जादा कामाच्या पैशांवर कित्येकांच्या मुलांच्या फिया आणि खोल्यांची भाडी चालत. वाटाघाटीस बसलो तेव्हा व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता. त्यांनी काठीने जागा दाखवली : येमेनजवळ जहाजांवर हल्ले होत आहेत, त्यामुळे जहाजे सुएझमार्गे न जाता आफ्रिकेला वळसा घालून जातात. आमच्या बाजूच्या सात जणांपैकी पाच जण काही बोलेनात. ते खरे की खोटे हेच त्यांना कळत नव्हते. आणि खरे-खोटे कळत नसले की माणूस एक तर सगळेच मान्य करतो, नाहीतर सगळेच थापा म्हणून उधळून लावतो. दोन्हींत नुकसान त्याचेच.

आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली आणि युनियनच्या कचेरीसाठी नकाशा विकत आणला. मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा सुएझवरून आणि एक दोरा आफ्रिकेच्या टोकावरून लावला. दोरे लावून झाल्यावर कचेरीत आलेल्या एका शिक्षक मित्रांनी हसून सांगितले, की या नकाशावर दोऱ्याने अंतर मोजू नका, तो फसवील. ते का, हे समजावून घेण्यासारखे आहे.

आमच्या भागात मोसंबी पुष्कळ. मोसंबीची साल अखंड काढून पाटावर सपाट करू गेले तर ती जागोजागी फाटते. न फाटता सपाट करावयाची तर कोठे तरी ताणावीच लागते. पृथ्वीची गत तीच. गोल जग सपाट कागदावर मांडताना नकाशाकाराला काहीतरी ताणावे लागते. काय ताणावे एवढेच त्याच्या हाती. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये जो नकाशा केला तो दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची एक दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेघ दिसते, ही त्याची सोय. आणि त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश तो बेसुमार ताणतो. ६० अंशांवर प्रत्येक लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट दिसते, आमच्या २० अंशांवर क्षेत्र जेमतेम आठव्या हिश्श्याने फुगते. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे वाटते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. ग्रीनलंड भारतापेक्षाही लहान : ते सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आपला देश सुमारे ३२.९ लाख. मर्केटरने हे कोणाला हिणवण्यासाठी केले असे आम्ही म्हणणार नाही. पण वसाहतींच्या काळात असा नकाशा भिंतीवर लावून बसणाऱ्यांना आपण फार मोठे आहोत असे वाटण्यास त्याने मदत केली असेल, आणि आम्हांला लहान वाटण्यासही. घरी नकाशा आणताना शक्य तर त्याच्या शेजारी एक लहानसा पृथ्वीचा गोल ठेवावा. मोठ्या नकाशाला त्याचा धाक राहतो.

तेव्हा अंतरे पुस्तकातून घेतली. मुंबई ते लंडन सुएझमार्गे सुमारे ११,५०० किलोमीटर. आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १९,८००. फरक ८,३०० किलोमीटरांचा. मालवाहू जहाज ताशी २८ किलोमीटर चालते असे धरले तर दिवसाला ६७० किलोमीटर होतात. म्हणजे जादा दिवस बारा-तेरा. तेव्हा व्यवस्थापक खोटे बोलत नव्हते, हे प्रथम आम्हांला आमच्याच माणसांना सांगावे लागले, आणि ते त्यांना फारसे आवडले नाही. पण दुसरी गोष्टही त्याच हिशेबातून निघाली. पहिले जहाज दोन आठवडे उशिरा पोचेल. पण त्याच्या मागून येणारीही तितकीच उशिरा, म्हणजे पुन्हा ठरल्या अंतरानेच पोचत राहतील. गावची एस.टी. वळसा घालून येऊ लागली तर पहिल्या दिवशी तासभर उशीर होतो. गाड्यांची संख्या त्याने कमी होत नाही. मग तीन महिने कशाचे? हा प्रश्न विचारल्यावर व्यवस्थापकांनी भाडे वाढल्याचे आणि कंटेनर अपुरे असल्याचे सांगितले, तेही खरेच होते. आणि शेवटी मागणीच घटल्याचेही सांगितले, जे नोटिशीत नव्हते. जादा काम पाच आठवड्यांनी अंशतः सुरू झाले. सगळे मिळाले नाही. पण त्या दिवशी आमच्या बाजूचे पाचही जण बोलले, आणि त्यांतल्या दोघांनी पुढल्या पगाराला आपापल्या खोलीत नकाशे लावले.

नकाशा लावावयाचा कसा, याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तो दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी उंच लावू नये. घरातील सर्वांत लहान मुलाचे बोट पोचेल इतका खाली लावावा. मळला तर मळू द्यावा. मराठी नावांचा मिळाला तर उत्तम, म्हणजे घरातील म्हातारी माणसेही त्यात येतात. बातमीत ज्या गावाचे नाव येईल तेथे टाचणी टोचावी. एवढे पुरे.

म्हाताऱ्या माणसांचे आम्ही सहज म्हटले नाही. जादा कामाच्या त्या तंट्यानंतर आम्ही गावी गेलो आणि ओसरीवरच्या जुन्या नकाशावर आईला जहाजांची वाट दाखवीत होतो. आई शाळेत गेलेली नाही. सुएझ, वळसा, बारा दिवस, सगळे तिने ऐकून घेतले आणि विचारले, “आरं, मालाचं सांगितलंस, पर त्या बोटीवरल्या माणसांचं काय झालं?” आम्ही दोन महिने हिशेब करीत होतो, पण ही चौकशी केली नव्हती. मग केली. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी लाल समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज धरण्यात आले होते. त्यावरचे २५ खलाशी तेथेच अडकून पडले होते. त्यांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये, चौदा महिन्यांनी झाली. आई मधून मधून विचारी, आणि सुटले असे सांगितले त्या दिवशी तिने ते लोक कोणकोणत्या मुलखाचे होते ते दाखवावयास लावले. फिलिपिन्स दाखवले, बल्गेरिया दाखवला, रुमानिया दाखवला, युक्रेन जुन्या नकाशात रशियाच्याच रंगात होता तरी अंदाजाने दाखवला. मेक्सिको मात्र दाखवता येईना. त्यासाठी पुढच्या खेपेस कचेरीतील नकाशा गावी न्यावा लागला.